गुंड्याने गुरगुरणंच सोडलंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचा कुत्रा गुंड्या, गावठीच, वय अंदाजे अडीच वर्षं. पिल्लू असताना पार्किंगमधून उचलून आणला. हुशारी विचारू नका! बोटाने दाखवलं की बरोबर त्याच कोपऱ्यातला चेंडू आणतो. (आयसर कोलकाता या विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली रस्त्यावरच्या कुत्र्यांचीही हीच परीक्षा घेतली होती. जी जवळ आली, त्यातल्या बहुतेकांना शिकवणीशिवाय बोटाची खूण कळली.)

आता अडचण. माझी पाच वर्षांची मुलगी त्याच्या गळ्यात पडते. आधी तो मान वळवायचा, जीभ नाकावर फिरवायचा, झोप नसताना जांभई द्यायचा. म्हणजे "नको" असं सांगत होता, आणि आम्ही "किती गोड" म्हणून फोटो काढले, गाढवच आम्ही. मग तो गुरगुरायला लागला, तर सासरे दरवेळी चप्पल दाखवायचे. महिन्याभरात गुरगुर बंद. सगळे खूश. गेल्या रविवारी मात्र काही न बोलता थेट दात लावले. फ्रॉक फाटला, कातडीला काही नाही. लस वेळेवर झालेली आहे, डॉक्टरांनी कान-दातही तपासले, दुखणं नाही.

सध्या दोघांना एकटं सोडत नाही, त्याच्या गोधडीकडे जायला मुलीला बंदी आहे.

दाबून टाकलेली गुरगुर परत येते का? कुणाकडे आली असेल तर किती दिवसांत, काय केलंत? आणि सासऱ्यांना कसं पटवू? ते म्हणतात, "कुत्र्याला धाक हवाच."