अनुभव धागा: भविष्य सांगणाऱ्या पोथ्या

दिवटी (धागाकर्ती)
कादंबरी लिहितेय. जग सगळं मनातलं: दोन चंद्र, खारट नद्या आणि एका मठात कुलपात ठेवलेली पोथी. पुढचं सगळं तिच्यात लिहिलंय अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. पोथीतल्या ओळी मी रचीन हो, पण ती उघडायची कोणी, विचारायचं कसं, उत्तर मिळाल्यावर माणसं काय करतात, तिथे गाडी अडलीय. जे सुचतं ते सिनेमातलं वाटतं. खऱ्या पोथीशी, पट्टीशी, पंचांगाशी तुमचा संबंध आला असेल तर सविस्तर लिहा. खरं की थोतांड हा वाद इथे नको. चालतं कसं, ते हवंय.

कृष्णाकाठ
बहिणीला कडक मंगळ. कोणीतरी सुचवलं म्हणून आई आम्हाला घेऊन तमिळनाडूत वैदीश्वरन कोविलला गेली. देऊळ शंकराचं, पण मंगळाच्या शांतीसाठी प्रसिद्ध. गावभर नाडीवाल्यांच्या, म्हणजे जुन्या ताडपत्रांवरून भविष्य वाचणाऱ्यांच्या पाट्या. आधी अंगठ्याचा ठसा घेतात, बाईचा डावा, पुरुषाचा उजवा. ठशातल्या रेषांवरून ताडपत्रांचा गठ्ठा काढतात. लांबट, चिंचोळ्या पट्ट्या, वरखाली लाकडी फळ्या आणि दोरी. वाचणारा एकेक पट्टी सुरात म्हणतो, मधला माणूस हिंदीत सांगतो: वडिलांच्या नावात 'म' आहे का? भाऊ एकच ना? आपण फक्त हो किंवा नाही म्हणायचं. 'नाही' आलं की ती पट्टी गेली, पुढची. असं करत करत एका पट्टीवर आईवडिलांची नावंच निघाली आणि आईच्या डोळ्यांत पाणी. तोवर आपणच किती सांगून बसलोय, याचा हिशोब मी मनात करत होतो.

मग कांडं, म्हणजे भविष्याची प्रकरणं. पहिलं सर्वसाधारण. शिक्षण, लग्न, धंदा यांची वेगळी, आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे. बहिणीसाठी सातवं घेतलं, लग्नाचं. त्यात निघालं: सत्ताविसावं वर्ष, पूर्वेकडचं स्थळ. त्यावर तेरावं, शांतीकांड. मागच्या जन्मीचं पाप आणि त्यावर उतारा म्हणून करायची देवळं, दानं, दिवे. यादी लांबलचक होती. आम्ही जमेल तेवढं केलं. लग्न एकतिसाव्या वर्षी झालं, मुलगा मिरजेचा, म्हणजे आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावरचा. आईचं म्हणणं, शांती अर्धीच केली, मग वेळ लागणारच.

दिवटी
तेरावं कांड मी उचलतेय. पोथी कधीच चुकत नाही, चुकतो तो यादी पुरी न करणारा!

तिखटमीठ
आमच्याकडे आजोबा पाडव्याला पंचांगातलं संवत्सरफळ मोठ्याने वाचायचे. यंदाचा राजा कोण, मंत्री कोण, मेघांचा मालक कोण. राजा ठरवायची रीत साधी: चैत्र शुद्ध प्रतिपदेला जो वार, त्या वाराचा ग्रह राजा. मला लहानपणी ती खरीखुरी निवडणूक वाटायची. आईचं लक्ष मात्र संक्रांतीवर. ती कशावर बसून आली, कोणत्या रंगाचं नेसली. त्या रंगाची साडी मग वर्षभर कपाटात.

पत्रावळ
गोरखपूरच्या गीता प्रेसच्या रामचरितमानसात रामशलाका प्रश्नावली असते. कादंबरीसाठी ती जरूर बघा, कारण यंत्र म्हणून झकास आहे. पंधरा बाय पंधरा, म्हणजे 225 घरं, प्रत्येकात अक्षर किंवा नुसती मात्रा. डोळे मिटून बोट ठेवायचं, तिथून दर नववं घर उतरवत जायचं. 225 भागिले 9 म्हणजे 25 घरं, आणि एक चौपाई तयार. बोट कुठेही पडो, निघणार त्या नऊ चौपायांपैकीच एक. काही 'काम होईल' म्हणतात, काही 'सोडून दे'. हे गणित कळल्यावरही माझी मावशी प्रश्न विचारायची थांबली नाही. मनासारखं आलं नाही तर म्हणायची, मन स्थिर नव्हतं, परत.

बांधावरून
आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पोथीच नाही, शेतच वाचतात. भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी वावरात गोल घट मांडतात, भोवती अठरा धान्यं. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, पावसाचे चार महिने, त्यावर पाण्याची घागर. पापड, कुरडई, वडा, पानसुपारी पण असते. रात्री तिकडं कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहायचं, कोणतं धान्य हललं, कोणतं ढेकूळ किती भिजलं. पानसुपारी म्हणजे राजा, ती जागेवर असली तर गादी शाबूत. लोक लांबून ऐकायला येतात. बाबा पण ऐकून यायचे, अन् मग पेरायचे तेच जे आधी ठरवलं होतं.

जुनापुराणा
रोमन लोकांच्या सिबिलाईन पोथ्यांची गोष्ट सांगतो. अनुभव नाही, फक्त वाचन, चालवून घ्या. दंतकथा अशी की एक म्हातारी राजाकडे नऊ पोथ्या विकायला आली. किंमत ऐकून तो हसला. तिने तीन जाळल्या, उरलेल्या सहांना तीच किंमत. तो पुन्हा नाही म्हणाला, आणखी तीन जाळल्या. शेवटी त्याने तीनच घेतल्या, नऊच्या भावात. पुढे त्या ज्युपिटरच्या देवळात ठेवल्या. सिनेटचा हुकूम असल्याशिवाय उघडायच्या नाहीत, वाचणारेही नेमलेले. सुरुवातीला दोन, मग दहा, नंतर पंधरा. आणि त्यात शोधायचे ते मुख्यतः उपाय: साथ आली, अपशकुन झाला, तर कोणत्या देवाला काय वाहायचं. इ.स.पू. 83 मध्ये देवळासकट सगळं जळालं. तर रोमने माणसं पाठवून ठिकठिकाणहून वचनं गोळा केली आणि नवा संग्रह केला! मला तरी मूळ पोथ्यांपेक्षा ही दुसरी खेप जास्त रंगतदार वाटते.

निशाचर
आम्ही मित्र पुण्यात डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन गोष्ट पुढे न्यायची; खेळ चालवतो मी. चहाच्या पाण्यात भिजवून पिवळे केलेले कागद, त्यावर मोडी वळणाची अक्षरं, अशी पोथी केली होती. एक ओळ: 'आंधळा राजा दार उघडील.' मला अपेक्षित होतं की खेळाडू राजाला शोधतील. त्यांनी भेटेल त्या सरदाराचे डोळे तपासायला सुरुवात केली. आमच्यातल्या चोराने तर पुढचं पान फाडून खिशात घातलं, शत्रूच्या हाती लागू नये म्हणून. त्यावर काय होतं ते मलाही नीट आठवत नाही.

दिवटी
मठात वाचणारे पंधरा जण ठरले, आणि पोथी दुसऱ्या खेपेची, हे मठाबाहेर कोणालाच माहीत नाही. निशाचर, त्या पानाचं पुढे काय झालं?

निशाचर
चोराच्या खिशातच आहे. मागितलं तर विकत घ्या म्हणतो, आणि दर खेळाला किंमत वाढवतोय.