आयडियालिझम : आदर्शवाद, चिद्वाद की आणखी काही?

तत्त्वज्ञानातील ‘आयडियालिझम’ या इंग्रजी संज्ञेसाठी मराठीत ‘आदर्शवाद’ हा शब्द अनेकदा वापरला जातो. तो आयरिश तत्त्वज्ञ जॉर्ज बर्क्लीच्या संदर्भात तर सरळसरळ चुकीचा आहे, असे माझे मत आहे. बर्क्लीने 1710 मध्ये मांडलेला सिद्धान्त असा की, टेबल, झाड, डोंगर यांसारख्या जड म्हणवल्या जाणाऱ्या वस्तूंचे असणे म्हणजे त्यांचे अनुभवले जाणे होय. मनाबाहेर, कोणाच्याही जाणिवेशी संबंध नसलेले असे जडद्रव्य कोठेही नाही. यात उच्च ध्येये, त्याग किंवा आदर्श समाज यांचा काही संबंध नाही. या संज्ञेच्या मुळाशी ‘आयडिया’ आहे, ‘आदर्श’ या अर्थाचा ‘आयडियल’ नव्हे. स्वतः बर्क्लीनेही आपल्या मताला ‘इम्मटीरियालिझम’, म्हणजे जडद्रव्याचा निषेध करणारे मत, असेच म्हटले होते.

अशा संज्ञांचा अर्थ ठरवताना कोशातला पहिला प्रतिशब्द उचलण्यापेक्षा, ती संज्ञा त्या वादात कोणत्या मताच्या विरोधात उभी आहे हे आधी पाहावे. ज्ञानमीमांसेत, म्हणजे ज्ञानाच्या स्वरूपाचा विचार करणाऱ्या शाखेत, आयडियालिझमच्या समोर ‘रिॲलिझम’ असतो: ज्ञेय वस्तू ज्ञात्यावर अवलंबून आहे की स्वतंत्र आहे, हा तिथला प्रश्न. इंग्रज तत्त्वज्ञ जी. ई. मूरने 1903 मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात आयडियालिझमचे खंडन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याचा रोख नेमका ‘असणे म्हणजे अनुभवले जाणे’ या विधानावर होता. अठराव्या शतकाच्या आरंभी जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्सने मात्र प्लेटोला आयडियालिस्ट म्हटले, तेव्हा त्याने समोर उभा केला तो एपिक्युरस, म्हणजे जडवादी. सत्तेचे अंतिम स्वरूप जड आहे की नाही, हा निराळा प्रश्न झाला. आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अभ्यासात आयडियालिझम आणि रिॲलिझम याच दोन शब्दांची जोडी तिसऱ्याच अर्थाने येते. राष्ट्रांनी नैतिक तत्त्वांनुसार वागावे असे मानणारे एका बाजूला आणि सत्ता व स्वार्थ हेच खरे चालक मानणारे दुसऱ्या बाजूला. तेथे ‘आदर्शवाद’ आणि ‘वास्तववाद’ हे शब्द अगदी योग्य आहेत.

‘रिॲलिझम’चीही स्थिती अशीच आहे, आणि वाचकाचा सर्वांत मोठा गोंधळ येथेच होतो. मध्ययुगीन वादात रिॲलिझमचा प्रतिपक्ष ‘नॉमिनॅलिझम’, म्हणजे नामवाद, हा होता. अनेक गायींत समान असलेले ‘गोत्व’ हे खरोखर अस्तित्वात आहे की ते केवळ आपण दिलेले एक नाव आहे, असा तो प्रश्न. आपल्याकडे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, आणि बौद्ध यांच्यातला ‘सामान्या’विषयीचा वाद ज्यांना माहीत आहे, त्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. या वादात प्लेटो हा रिॲलिस्ट ठरतो, आणि जडवादाशी तुलना करताना तोच आयडियालिस्ट ठरतो. दोन्ही लेबले बरोबर आहेत, कारण दोन्ही वेळा प्रश्न वेगळा आहे.

जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या बाबतीत तर हा विचार अपरिहार्यच होतो. 1781 च्या ग्रंथात तो स्वतःच्या भूमिकेला ‘ट्रान्सेंडेंटल आयडियालिझम’ म्हणतो, आणि 1787 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याच ग्रंथात ‘आयडियालिझमचे खंडन’ असे प्रकरण जोडतो. वरवर वाचणाऱ्याला ही विसंगती वाटते. पण खंडन आहे ते बाह्य वस्तूंच्या अस्तित्वाबद्दल शंका घेणाऱ्या किंवा ते नाकारणाऱ्या मताचे, आणि त्याचा स्वतःचा सिद्धान्त आहे तो अवकाश व काल हे आपल्या संवेदनशक्तीचे आकार, म्हणजे अनुभव ग्रहण करण्याचे आपले साचे, आहेत, असा. म्हणूनच तो अनुभवाच्या पातळीवर स्वतःला रिॲलिस्टही म्हणवून घेतो.

मग मराठीत काय लिहावे? ‘चिद्वाद’ हा शब्द मला बर्क्ली आणि जर्मन तत्त्वज्ञ हेगेल यांच्यासाठी समाधानकारक वाटतो, कारण ‘चित्’ या शब्दात जडाला असलेला विरोध आपोआप येतो. ‘विज्ञानवाद’ हे योगाचार बौद्धांच्या मताचे जुने आणि फार अचूक नाव आहे; परंतु आज ‘विज्ञान’ म्हणजे ‘सायन्स’ हाच अर्थ मराठी वाचकाच्या मनात प्रथम येत असल्यामुळे, पाश्चात्त्य संदर्भात तो शब्द वापरल्यास उलटाच अर्थ लागण्याचा धोका आहे. हिंदीत ‘प्रत्ययवाद’ रूढ आहे. मराठीत ‘प्रत्यय’ म्हटले की व्याकरण किंवा ‘प्रत्यय येणे’ आठवते. ‘कल्पनावाद’ तर टाळावाच, कारण वस्तू काल्पनिक आहेत असे बर्क्लीने कधीच म्हटले नाही. स्वप्नातली आग आणि चुलीतली आग यांतला भेद तो मान्य करतो. त्याच्या मते चुलीतल्या आगीचा अनुभव अधिक स्पष्ट, नियमबद्ध आणि आपल्या इच्छेवर अवलंबून नसलेला असतो.

प्लेटोसाठी मात्र ‘चिद्वाद’ही पुरत नाही. त्याच्या ‘आयडिया’ कोणाच्या मनातल्या कल्पना नव्हेत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘रूप’ किंवा ‘आकार’ असा आहे, आणि ही रूपे कोणी जाणली नाहीत तरी असतातच. त्याच्याबद्दल लिहिताना ‘वाद’ जोडलेली संज्ञा बाजूला ठेवून ‘प्लेटोचा रूपसिद्धान्त’ असेच लिहावे, असे मी सुचवीन.