बडोद्यात शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णासाठी सेवा निवडायची आहे, पारख कशी करावी?

प्रतापनगरची_सून
सासरे, वय ६८, गालाचा कर्करोग. ऑपरेशन, रेडिएशन, किमो सगळे झाले. आता फक्त त्रास कमी ठेवा, असे कॅन्सरच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. गालावर उघडी जखम आहे, वास येतो. जेवण आणि औषधे रायल्स ट्यूबने (नाकातून पोटात गेलेल्या नळीने) जातात. वेदनेसाठी ट्रामाडॉल ५० मिग्रॅ दिवसातून चारदा चालू आहे, पण गोळी दिल्यावर दोन तासांत पुन्हा कण्हायला लागतात.

तीन पर्याय समोर आहेत. शहराबाहेर एका ट्रस्टचे केंद्र आहे, तिथे दाखल करायचे, खर्च नाही. दुसरी घरी येऊन सेवा देणारी कंपनी, महिन्याचे पॅकेज. तिसरा पर्याय ब्युरोची बाई (एजन्सीमार्फत येणारी, रुग्णाची देखभाल करणारी) आणि सोबत आमचे फॅमिली डॉक्टर. तिघेही म्हणतात 'काळजी करू नका, सगळे बघू'. माहितीपत्रकांवर हसरी आजी-आजोबा आहेत, त्यावरून काय कळणार? नेमके काय विचारायचे आणि उत्तरातून काय ओळखायचे, ते जाणकारांनी सांगावे.

सिस्टर_कारेलीबाग
ताई, तिघांनाही आधी एकच विचारा: तोंडाने किंवा नळीतून द्यायचे मॉर्फिन (तीव्र वेदनेवरचे औषध) तुमच्याकडे आहे का, आणि आज लागले तर आज मिळेल का? 'गरज पडली की बघू' असे उत्तर आले तर ते नाही असेच धरा.

ट्रामाडॉल दिवसाला ४०० मिग्रॅच्या पुढे नेत नाहीत, झटके येऊ शकतात. तुम्ही २०० वर आहात आणि ते पुरत नाही. अशा वेळी ट्रामाडॉल बंद करून मॉर्फिनच्या साध्या गोळीचे साधारण ५ मिग्रॅ दर चार तासांनी सुरू करतात, फार अशक्त किंवा किडनी कमजोर असेल तर त्याहून कमी. म्हणून सुरू करण्याआधी क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट मागतात का, हे बघा. न मागता डोस लिहिणारा घाईत आहे. रात्री दहाचा डोस दुप्पट देऊन दोनचा वगळतात, म्हणजे रुग्ण आणि घरचे दोघेही झोपतात. मधेच वेदना उसळली तर द्यायचा जादा डोस वेगळा लिहिलेला हवा, दिवसाच्या एकूण मॉर्फिनच्या सहाव्या भागाएवढा. असे जादा डोस किती लागले ते वहीत मांडून दुसऱ्या दिवशी मूळ डोस वाढवतात. ही वही घरी ठेवायला सांगतात का, तेही विचारा.

मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याची गोळी पहिल्या दिवसापासूनच लागते. मळमळ आठवड्याभरात ओसरते, गुंगी दोन-तीन दिवसांत, पण बद्धकोष्ठ जात नाही. प्रिस्क्रिप्शनवर मॉर्फिन आहे आणि बिसाकोडिल किंवा सेन्ना नाही, असे दिसले तर लिहिणाऱ्याचा हात या कामात बसलेला नाही. नळी असल्यामुळे आणखी एक मुद्दा: साधी गोळी कुटून पाण्यात विरघळवून देता येते, नंतर ३० मिली पाण्याने नळी धुवायची. बारा तास टिकणारी लांब पल्ल्याची गोळी मात्र कुटायची नाही, सगळा डोस एकदम अंगात जातो. 'नळीतून द्यायला कोणती गोळी?' हा प्रश्न मुद्दाम टाका.

पहिल्या भेटीला पाऊण-एक तास लागतोच. बीपी, साखर, ऑक्सिजन बघून दहा मिनिटांत निघणारी नर्स चांगली असेलही, पण ती साधी घरगुती नर्सिंग सेवा झाली. जाणकार माणूस वेदना ० ते १० मध्ये विचारतो. वयस्कर माणसाला आकडा जमत नसेल तर 'रुपयातले किती आणे दुखतंय?' असे विचारले तरी भागते. मग तोंडाच्या आत टॉर्च मारतो, टाचा आणि माकडहाड बघतो, शौचाला शेवटचे कधी झाले विचारतो, रात्री शेजारी कोण झोपते विचारतो. सासऱ्यांना स्वतःला आजाराबद्दल किती माहीत आहे, हेही विचारतो. शेवटचा प्रश्न कोणी विचारलाच नाही तर पुढे घरात त्यावरूनच भांडण होते.

जखमेचा वास हवेत राहणाऱ्या नव्हे, तर ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जंतूंचा असतो. मेट्रोनिडाझोलची गोळी बारीक कुटून जखमेवर भुरभुरतात किंवा त्याचे जेल लावतात, काही दिवसांत फरक पडतो. अगरबत्ती आणि रूम फ्रेशनरवर भागवणारे लोक टाळा. ड्रेसिंग काढताना सलाईनने भिजवून, सावकाश काढतात. कोरडी पट्टी ओढली की रक्त येते आणि रुग्ण पुढच्या ड्रेसिंगला घाबरतो. ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी जादा डोस देतात का, हेही विचारा. उघड्या जखमेत माशी बसून अळ्या होणे आपल्याकडे दुर्मिळ नाही. टर्पेंटाइनच्या बोळ्याने त्या बाहेर काढून चिमट्याने वेचतात. हा विषय काढल्यावर समोरचा तोंड वाकडे करतो की सरळ सांगायला लागतो, त्यावरून अनुभव कळतो.

आता अवघड भाग. गालाची जखम मानेच्या मोठ्या रक्तवाहिनीजवळ सरकत असेल तर अचानक भळाभळा रक्त येण्याची शक्यता असते. चांगली टीम हे आधीच, बसवून सांगते. घरी गडद लाल किंवा हिरवे टॉवेल ठेवायला लावते, म्हणजे रक्त पाहून घरचे हादरत नाहीत, आणि झोपेच्या इंजेक्शनची तयारी ठेवते. थोडे पाझरत असेल तर ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडची (रक्त थांबवणारी) गोळी कुटून गॉजवर घेऊन दहा मिनिटे दाब देतात. 'तशी वेळ येणार नाही हो' म्हणणाऱ्याकडे योजनाच नाही.

औषधवाला_रावपुरा
सिस्टरनी मॉर्फिनचे सांगितले, त्यात कायद्याची बाजू जोडतो. एनडीपीएस कायद्यात (अमली औषधांच्या कायद्यात) २०१४ साली दुरुस्ती झाली. आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून (आपल्याकडे गांधीनगरचे एफडीसीए, म्हणजे अन्न व औषध नियंत्रण प्रशासन) 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' अशी मान्यता मिळाली की संस्थेला मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन वगैरे सहा औषधे ठेवता येतात. पूर्वी वेगवेगळे चार-पाच परवाने लागायचे, ती सबब आता चालत नाही. मान्यतापत्र दाखवा म्हणा. स्वतःची मान्यता नसेल तर कोणत्या मान्यताप्राप्त संस्थेतून औषध येते आणि एका वेळी किती दिवसांचे मिळते, हे लिहून घ्या. साध्या मेडिकल स्टोअरमध्ये मॉर्फिनची गोळी बहुधा मिळत नाही, त्यामुळे 'बाहेरून आणा' म्हणणे म्हणजे तुम्हाला स्टेशनपासून मकरपुऱ्यापर्यंत फिरवणे.

मान्यता नसलेले लोक हमखास फेंटानिलच्या पॅचकडे (त्वचेवर चिकटवायच्या औषधी पट्टीकडे) वळतात. पॅच वाईट नाही, चुकीच्या वेळी लावला की वाईट. २५ मायक्रोग्रॅमचा पॅच ढोबळमानाने दिवसाच्या ६० मिग्रॅ तोंडी मॉर्फिनएवढा असतो. ट्रामाडॉल २०० वर असलेल्या माणसाला तो एकदम जड पडतो. शिवाय परिणाम यायला १२ ते २४ तास लागतात आणि काढल्यावरही बराच वेळ औषध अंगात राहते, त्यामुळे गुंगी फार आली तर लगेच उतरत नाही. ताप, गरम पिशवी, मे महिन्यातली गच्चीखालची खोली, यांनी औषध जास्त शोषले जाते. उलट घामाने पॅच सुटतो आणि वेदना परत येते. वेदना रोज बदलत असताना, म्हणजे नेमकी तुमची आताची अवस्था, पहिल्याच दिवशी पॅच सुचवला तर कारण विचारा. दुखणे स्थिर झाल्यावर, नळी नकोशी झाल्यावर तोच पॅच सोयीचा.

मांजलपूरकर
पैशाची आणि माणसांची बाजू कोणी बोलले नाही. पॅकेजमध्ये 'नर्स' लिहिलेले असते, येते ती अटेंडंट. जीएनएम हा नर्सचा तीन वर्षांचा, एएनएम हा सहायक नर्सचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि दोघींनाही गुजरात नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो. तो मागा. ब्युरोची बाई आंघोळ, कपडे, कूस बदलणे उत्तम करते, पण इंजेक्शन किंवा नळी घालणे तिच्याकडून करून घेऊ नका. बाई बदलली तर नवीन बाईला कोण शिकवणार, हे करारात असावे.

डॉक्टर आठवड्यातून किती वेळा स्वतः येतात आणि किती वेळा नुसता व्हिडिओ कॉल? रात्रीच्या नंबरवर कोण असते? रात्री अकरानंतर एकदा फोन लावूनच बघा. कॉल सेंटरने 'सकाळी कळवतो' म्हटले तर पैसे वाचवा. टीम कुठून निघते तेही महत्त्वाचे, गोत्रीहून संध्याकाळी वाघोडिया रोडला पोचायला किती वेळ लागतो ते आपल्याला माहीत आहे.

आणि सण. दिवाळी ते लाभपाचम अर्धे बडोदे बंद, उत्तरायणचे दोन दिवस तर विचारूच नका. त्या दिवसांचा ड्युटी तक्ता आहे का? २०१९ आणि २०२४ च्या पुरात विश्वामित्रीकाठच्या सोसायट्यांत गळ्याएवढे पाणी होते. पावसाळ्यात आठवडाभराचे औषध घरी ठेवतात का, वीज गेल्यावर एअर मॅट्रेसचा पंप बंद पडला तर काय, हे आधी विचारलेले बरे. ऑक्सिजन मशीन, मॉनिटर, मोटरचा बेड हे सगळे देणारी कंपनी मला तरी जास्त भरवशाची वाटते.

सिस्टर_कारेलीबाग
मांजलपूरकर, बाकी सगळे पटले, मशीनचे नाही. ऑक्सिजन पातळी ठीक असताना ऑक्सिजनचा उपयोग फारसा होत नाही, चेहऱ्यावर टेबल फॅनची झुळूक आणि मॉर्फिनचा छोटा डोस धाप जास्त कमी करतो. मॉनिटर लावला की घरचे माणसाकडे बघायचे सोडून आकडे बघतात. भाडे मात्र रोज चढते. एअर मॅट्रेस असली तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. ट्रस्टच्या केंद्रात गेलात तर बेड किती भारी, ते सोडा. दुपारी तीनच्या सुमारास, न सांगता जा. बेडसोअर (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) असलेले किती रुग्ण आहेत, त्यातले किती तिथे आल्यावर झाले, हे विचारा. नोंद ठेवणारे लगेच सांगतात. नातेवाइकाला रात्री थांबू देतात का, तेही बघा.

प्रतापनगरची_सून
खूप मदत झाली. आज तिघांना फोन केले. कंपनीकडे मॉर्फिन नाही, पहिल्याच फोनवर पॅच सुचवला. ट्रस्टकडे मान्यता आहे आणि त्यांची टीम आठवड्यातून दोनदा घरीही येते, हे आता कळले. बाबांना घरीच राहायचे आहे. शंका दोन. नणंदबाईंचे म्हणणे आहे की शेवटी सलाईन लावलेच पाहिजे, नाहीतर उपाशी ठेवल्यासारखे होईल. आणि घरीच गेले तर मृत्यूच्या दाखल्याचे काय?

डॉ_अकोटा
सलाईनबद्दल: शेवटच्या दिवसांत हृदय-किडनी पाणी बाहेर टाकू शकत नाहीत. बाटली लावली की ते पाणी फुफ्फुसात, पायावर साचते, घशातली घरघर वाढते. भूक-तहान त्या वेळी मंदावलेली असते. कोरडे पडते ते तोंड, म्हणून दर तासाला ओल्या बोळ्याने तोंड आणि ओठ पुसायचे. नळीतून नेहमीएवढे देत राहिलात तरी उलटी होऊन श्वासनलिकेत जाते, प्रमाण कमी करावे लागते. हे नणंदबाईंना टीमच्या डॉक्टरांनी समोर बसून सांगितले पाहिजे, सुनेने नव्हे. त्यासाठी घरच्यांची एक बैठक घेतात का, हेही पारखायचेच.

नळी चालेनाशी झाली तर औषध थांबवत नाहीत. त्वचेखाली बारीक बटरफ्लाय सुई बसवून मॉर्फिन, मिडाझोलाम (अस्वस्थतेसाठी), हॅलोपेरिडॉल (मळमळ आणि भ्रमासाठी), ग्लायकोपायरोलेट (घशातला स्राव कमी करायला) देतात. तोंडी डोसच्या साधारण अर्धा ते एक तृतीयांश पुरतो. शीर शोधत हात टोचत बसायची गरज नसते. ही सुई टीम बसवते का आणि घरच्यांना त्यातून डोस द्यायला शिकवते का, विचारा. घरघरीला सक्शन मशीन घशात घालण्यापेक्षा एका कुशीवर वळवणे आणि ग्लायकोपायरोलेट हे चांगले.

दाखल्याबद्दल: घरी मृत्यू झाला तर शेवटच्या आजारात ज्यांचे उपचार चालू होते ते डॉक्टर फॉर्म ४-अ भरून मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र देतात, त्याचे पैसे घेता येत नाहीत. ते घेऊन महापालिकेत २१ दिवसांत नोंद करायची. अडचण कुठे येते? रात्री तीनला मृत्यू होतो, टीमचे डॉक्टर फोन उचलत नाहीत, कोणीतरी घाबरून १०८ ला बोलावते, आणि अँब्युलन्स सयाजी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नेऊन छातीवर दाब सुरू होतो. म्हणून आताच विचारा: रात्री प्रमाणपत्र कोण देणार, किती वेळात, ते नसतील तर दुसरे कोण. उत्तर नाव आणि नंबरासकट लिहून फ्रिजवर लावा. डिस्चार्ज समरी आणि 'आता फक्त त्रास कमी ठेवणे' असे लिहिलेला कागदही तिथेच असू द्या.

बाबा स्वतः निर्णय सांगू शकत असतील तर व्हेंटिलेटर नको वगैरे इच्छा लेखी करून ठेवता येते. अशा लेखी इच्छेबद्दलचा आपलाच २०१८ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सोपा केला. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात, मॅजिस्ट्रेटकडे जावे लागत नाही. घरीच राहिले तर त्याची गरज क्वचित पडते, अचानक दाखल करावे लागले तर पडते.

औषधवाला_रावपुरा
एक राहिले. मॉर्फिनच्या गोळ्या कुलपात ठेवा, रोज मोजा, घरात मुले असतील तर विशेष. उरलेल्या गोळ्या नंतर शेजारच्या रुग्णाला देऊ नका किंवा कचऱ्यात टाकू नका, मोजून ट्रस्टला परत करा आणि पोच घ्या. वापरलेला पॅच चिकट बाजू आत घडी घालून परत द्यायचा, त्यात औषध शिल्लक असते. परत घेण्याचे रजिस्टर दाखवा म्हटल्यावर जे केंद्र लगेच काढून दाखवते, त्याचा बाकीचा हिशेबही बहुधा नीट असतो.