कॅफेत आठवडाभर 'ट्रायल' म्हणून राबवून घेतलं, पैसे नाहीत. दाद कुठे मागायची? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

माझी नणंद एफवायबीकॉमला आहे, 18 पूर्ण. घर निफाडकडचं, कॉलेजसाठी आमच्याकडे पाथर्डी फाट्याला राहते. घरची द्राक्षबाग, यंदा हातात फार काही आलं नाही, त्यामुळे घरी पैसे मागायचे तिच्या अगदी जिवावर येतं. म्हणून पार्टटाइम काम शोधत होती.

कॉलेज रोडवरच्या एका कॅफेबाहेर 'मुलं-मुली पाहिजेत' असा बोर्ड होता. मॅनेजर म्हणाला, आधी आठवडाभर ट्रायल, काम जमलं तर पगार ठरवू. शिकवणं म्हणाल तर पहिल्या दिवशी अर्धा तास कॉफी मशीन दाखवलं, तेवढंच. बाकी काम पूर्ण माणसाचं. ऑर्डर घेणं, टेबल पुसणं, ग्लास धुणं, आणि रविवारच्या गर्दीत काउंटरला एकटी. निघायला रोज दहा वाजायचे. घरी आली की बोटांची टोकं साबणाच्या पाण्याने पांढरी पडून सुरकुतलेली असायची. रिक्षाचं भाडंही तिच्याच खिशातून.

आठवडा संपल्यावर 'कळवतो' म्हणाले. कळवलं काहीच नाही. नंतर तिची मैत्रीण तिथे गेली, तर त्याच काउंटरला दुसरी मुलगी, तीही ट्रायलवर! तिच्या आधी एक मुलगाही असाच राबून गेलाय. मला तर वाटतं, त्यांना कायमचं माणूस ठेवायचंच नाहीये. दर आठवड्याला नवीन पोर आणायचं आणि फुकटात काम उरकायचं. आणि ही म्हणते, "जाऊ दे वहिनी, माझंच काम आवडलं नसेल." ते ऐकून जीव तुटतो.

या पैशांवर तिचा हक्क आहे का? मस्टरवर नाव नाही, हातात कागद नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'उद्या साडेचार शार्प, काळा टीशर्ट, केस बांधून' असे मेसेज यायचे. ग्रुपमधून तिला काढलंय, पण मेसेज फोनमध्ये आहेत. तक्रार केली तर त्या रोडवर दुसरं कोणी काम देणार नाही, अशीही तिला भीती आहे.

प्रतिसाद 1

ताई, हक्क आहे. कामगारांच्या केसेस बघतो म्हणून सांगतो, ट्रायलच्या नावाखाली फुकट काम करून घ्यायची सवलत कायद्यात नाही. वेतन संहिता 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे आणि तिच्यात किमान वेतनाचा हक्क सगळ्याच कामगारांना दिलाय. सुप्रीम कोर्टाने तर 1982 मध्येच, एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनाहून कमी पैशांत राबवून घेणं ही घटनेच्या कलम 23 खाली वेठबिगारी ठरवली होती.

दाव्याची मुदत तीन वर्षं आहे, पण पुरावा आजच जमवा. ग्रुपचे स्क्रीनशॉट घ्या. रिक्षाचे पैसे यूपीआयने दिले असतील तर ती नोंद सोन्यासारखी आहे, रोज रात्री दहानंतर तिने रिक्षाचे पैसे दिले ते तारीख-वेळेसकट त्यातून दिसतं. काम केलं एवढं तिने दाखवायचं. पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची.

मॅनेजरला सोडा, थेट मालकाला मेसेज करा: तारखा, तास, रक्कम. दाद दिली नाही तर कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज. थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई लावता येते, हे मालकाच्या कानावर गेलं तर बऱ्याचदा तिथेच मिटतं. वकील लागलाच तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन 15100.

अजून एक. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर थांबवता येत नाही, आणि थांबवलं तर घरापर्यंत सोडायची सोय मालकाने करायची. अगदी छोट्या दुकानांना तो सगळा लागू होत नाही, म्हणून तिथे किती माणसं कामाला आहेत ते मोजून घ्या.

प्रतिसाद 2

माझं नाशिकरोडला नाश्त्याचं दुकान आहे. नवीन पोरगा आला की तासभरात हात कळतो. त्यापुढे थांबवलं की त्या दिवसाचे पैसे द्यायचे, मग ठेवा नाहीतर नका ठेवू. रविवारी एकटीला काउंटरला उभं केलं म्हणजे तिचं काम त्यांना पसंत होतं, हे तिला नक्की सांगा. बाकी कोणी काम देणार नाही ही भीती काढून टाका, आम्हाला टिकणारी माणसं मिळत नाहीत. तिला माझ्याकडे यायचं असेल तर व्यनि (खासगी मेसेज) करा, पगार आधी ठरवू.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. प्रतिसाद तिला वाचून दाखवले. यूपीआयच्या सगळ्या नोंदी सापडल्या. आधी गेलेला तो मुलगाही आता सोबत यायला तयार आहे. दोघांनी वेगवेगळे अर्ज करायचे का?

प्रतिसाद 1

गरज नाही. एकाच आस्थापनेतल्या कितीही कामगारांसाठी एकच अर्ज चालतो. सध्या ट्रायलवर असलेल्या त्या मुलीलाही विचारा.