मदत हवी आहे: गवती चहा व दालचिनीच्या तेलाची मधुमेहविरोधी चाचणी, आकडे पटत नाहीत

शेंगाचटणी:
सोलापुरात एम. फार्म.चा प्रकल्प चालू आहे. गवती चहा आणि दालचिनीचं तेल क्लेव्हेंजरवर (वाफेने तेल काढायचं काचेचं उपकरण) काढून, अन्नातला स्टार्च फोडून साखर करणारी दोन एन्झाइमं ते अडवतं का हे बघायचं आहे: अल्फा-अमायलेज (डीएनएसए या साखर मोजायच्या रंगद्रव्याने, ५४० नॅनोमीटर) आणि यीस्टचं अल्फा-ग्लुकोसिडेज (पीएनपीजी या फुटल्यावर पिवळा रंग देणाऱ्या पदार्थाने, ४०५ नॅनोमीटर). अडचणी तीन. दालचिनीचं तेल नळीत जमतच नाही, पाणी नुसतं दुधाळ होतं. गवती चहाच्या तेलाला अमायलेजमध्ये प्रतिबंध उणे येतो, म्हणजे तेल घातल्यावर एन्झाइम जास्तच काम करतंय असं दिसतं. आणि ग्लुकोसिडेजमध्ये दोन्ही तेलं अकार्बोजपेक्षा (तुलनेला घेतलेलं मधुमेहाचं औषध) कितीतरी सरस दिसतात. गाईड खूश आहेत, मला शंका आहे.

काचेची_नळी:
शंका रास्त आहे. आधी तेलाचं बघू.

दालचिनीच्या सालीचं तेल पाण्यापेक्षा जड, घनता १च्या थोडी वर. साधा क्लेव्हेंजर हलक्या तेलासाठी असतो, त्यामुळे थेंब खाली बसतात आणि परतीच्या नळीतून पुन्हा फ्लास्कमध्ये जातात. लवंगेचंही तेच होतं. फार्माकोपियात (औषधांच्या अधिकृत मानक-ग्रंथात) अशा वेळी नळीत झायलीन घालतात, पण ते टक्केवारी मोजण्यापुरतं. एन्झाइम चाचणीला जाणाऱ्या तेलात झायलीन नको. साधं ऊर्ध्वपातन करून दुधाळ पाणी गोळा करा, मीठ विरघळवा, सेपरेटिंग फनेलमध्ये डायक्लोरोमिथेनने दोन-तीनदा ओढून घ्या, निर्जल सोडियम सल्फेटवर वाळवा आणि द्रावक कमी दाबाखाली पूर्ण उडवा. हे सकाळी लवकर उरका. डायक्लोरोमिथेन ३९.६ अंशांना उकळतं, ईथर ३४.६ला. एप्रिल-मेच्या सोलापुरी दुपारी फनेलचं बूच उडायला हलवायचीही गरज नाही.

गवती चहा: २५० ग्रॅम ताजी पात बारीक चिरून २ लिटरच्या फ्लास्कमध्ये, डिस्टिल्ड पाणी एक लिटरच्या आसपास, ३ तास. अर्धा ते एक मिलिलिटर तेल आलं तर ठीक. त्याहून फार कमी आलं तर कंडेन्सर बघा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी कोमट नव्हे, गरमच येतं आणि तेल वाफेबरोबर निघून जातं. बादलीत बर्फ आणि कूलरची छोटी मोटर, एवढ्यावर भागतं. तेल लहान गडद बाटलीत गळ्यापर्यंत भरून फ्रीजमध्ये ठेवा. वर हवा राहिली की सिट्रल (या तेलाचा मुख्य घटक) बिघडतं.

बफर६८:
उणे प्रतिबंध म्हणजे गढूळपणा. तेल डीएमएसओ या द्रावकात विरघळतं, पण बफरमध्ये गेलं की बारीक थेंब होऊन प्रकाश अडवतं आणि रीडिंग वाढतं. शिवाय सिट्रल अल्डिहाइड आहे, उकळताना डीएनएसएशी त्याची स्वतःचीच गडबड होऊ शकते. प्रत्येक तीव्रतेला एन्झाइमविना वेगळा ब्लँक (बाकी सगळं तेच असलेली नळी) लावा आणि तो वजा करा. डीएमएसओ अंतिम मिश्रणात १ टक्क्याच्या आत ठेवा आणि कंट्रोलमध्येही (तेल नसलेल्या नळीत) तेवढाच घाला. पॉलिस्टायरीनची ९६ खळ्यांची प्लेट वापरत असाल तर ती सोडा: तेलाने प्लास्टिक धुरकट होतं आणि वाफ शेजारच्या खळ्यात जाते. बुचाच्या काचेच्या नळ्या घ्या.

आता 'अकार्बोजपेक्षा सरस'. अकार्बोज यीस्टच्या एन्झाइमला मुळात फारसं अडवतच नाही. त्याचं काम सस्तन प्राण्यांच्या आतड्यातल्या एन्झाइमवर. लंगड्याशी शर्यत लावल्यासारखं आहे हे. उंदराच्या आतड्याची ॲसिटोन पावडर मागवा: १०० मिलिग्रॅम, ०.९ टक्के सलाइन ३ मिलिलिटर, बर्फावर सोनिकेट (ध्वनिलहरींनी फोडणं), सेंट्रिफ्यूज, वरचं द्रावण वापरा. सब्स्ट्रेट (एन्झाइम जो फोडतं तो पदार्थ) माल्टोज, आणि ग्लुकोज मोजायला ग्लुकोज ऑक्सिडेज किट.

आणखी एक, सगळ्यात महत्त्वाचं. तीच चाचणी ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० (साबणासारखा डिटर्जंट) घालून पुन्हा करा. प्रतिबंध गायब झाला तर तेलाचे थेंब एन्झाइमला नुसते गुंडाळून बसत होते. दालचिनीच्या तेलातला मुख्य घटक सिनॅमाल्डिहाइड, त्याचा प्रश्न वेगळा, ते प्रथिनांना कायमचं चिकटतं. एन्झाइमबरोबर ५, १५, ३० मिनिटं ठेवून बघा. वेळेबरोबर प्रतिबंध वाढत गेला तर तो औषधी गुण म्हणून मिरवू नका.

कडक_भाकरी:
मध्येच विचारते. घरी सासऱ्यांना मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू आहेत. दालचिनी तेलाचे दोन थेंब पाण्यातून दिले तर?

बफर६८:
ताई, नको. हिशेब बघा. समजा तेल १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरला निम्मं एन्झाइम अडवतं आणि आतड्यात अर्धा लिटर द्रव आहे. म्हणजे ५०० मिलिग्रॅम, साधारण दहा-अकरा थेंब, तेही प्रत्येक जेवणाला. एवढ्याने तोंड-घसा भाजेल. दोन थेंबांत साखरेला काही होईल असा भरवसा नाही, पाण्यात ते विरघळतही नाहीत, वर तरंगून किंवा तळाशी बसून थेट घशाला लागतात. आणि ग्लिमेपिराइडने साखर एकदम खाली जाऊ शकते, त्यात घरचा प्रयोग नको. गोळ्या तशाच चालू ठेवा, बदल डॉक्टरांना विचारूनच. भाजीत दालचिनी घाला, ती वेगळी गोष्ट.

शेंगाचटणी:
ट्रायटन उद्याच लावतो. अकार्बोज मी गोळ्या कुटून वापरतोय, चालेल ना?

काचेची_नळी:
अमायलेजला नाही. गोळीत भरणीचा स्टार्च असतो, तोच तुमचा सब्स्ट्रेट. शुद्ध पावडर मिळेपर्यंत कुटलेली गोळी बफरमध्ये ढवळा, सेंट्रिफ्यूज करा, वरचं गाळून घ्या आणि एक थेंब आयोडीन टाकून बघा. निळं झालं तर पुन्हा गाळा.