मधुमालती: शेणखत नको, छाटणी करा

मधुमालती गच्चीपर्यंत चढली, पानं हिरवीगार, पण फुलांचा पत्ता नाही, असा प्रश्न कुणीतरी विचारलाय आणि उत्तर देणाऱ्या बहुतेकांनी शेणखत वाढवायला सांगितलंय. मला ते पटत नाही. खतातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की ही वेल नुसती पानांवर जाते. युरिया देत असाल तर तो आधी बंद करा. दिवसाला निदान ५-६ तास ऊन हवंच. फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात, म्हणून थंडी संपता संपता बिनधास्त छाटा. जुन्या फांद्यांवर पानाच्या देठाचा काटा होऊन राहतो, तेव्हा हातमोजे घाला. मांडव लोखंडी पाइपचा करा, सुतळीवर एवढं ओझं तोलत नाही.

आणि जागा बदलता येत असेल तर निजायच्या खोलीच्या खिडकीशी न्या! फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, मग गुलाबी, नंतर लाल होतं. नळीतला मध लांब सोंडेच्या निशाचर पतंगांसाठी, त्यामुळे सुगंध अंधार पडल्यावर जास्त दरवळतो. सगळी वेल हलवायची गरज नाही. मुळाशी आलेला फुटवा मुळासकट काढून पावसाळ्यात लावा, सहज जगतो.