सारखं तोंड येतंय, जाईचा पाला सोडून अजून काय करता येईल?

अंगणातली_जाई
नमस्कार, मुलगी १७ वर्षांची आहे, नीटच्या क्लाससाठी लातूरला होस्टेलवर असते. जूनपासून आत्ता चौथ्यांदा तोंड आलंय तिला. ओठाच्या आत आणि जिभेच्या टोकाला पांढरे पांढरे फोड, ८-१० दिवसांनी जातात आणि महिन्याभरात परत हजर. मेसची भाजी तिखटजाळ, त्यामुळे नुसता वरणभात खाऊन राहते, कधी तेही नाही. घरी असती तर मी जाईचा पाला चावायला दिला असता, आमच्याकडे पिढ्यानपिढ्या तेच करतात आणि मला स्वतःला त्याने फरक पडतो, पण होस्टेलवर जाई कुठून आणायची. मेडिकलमधून बी कॉम्प्लेक्स आणि जेल घेतलं, जेलने तासभर बरं वाटतं इतकंच. सोपं काही असेल तर सांगा प्लीज, फोनवर रडते हो, जीव तुटतो.

सुगरण_७७
ताई, पाला पार्सलने पाठवा की! ओल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात घातला की २-३ दिवस सहज टिकतो, मी माझ्या भावाला असाच पाठवायचे. ४-५ पानं धुवून सावकाश चावायची, रस तोंडभर घोळवायचा आणि थुंकून टाकायचा. फक्त जाईचाच द्या, जुईचा नको. जाईच्या एका देठावर ७-९ छोटी पानं असतात समोरासमोर, आणि शेंड्याचं जरा मोठं, कळ्या बाहेरून गुलाबीसर. जुईला तसं नसतं.
जाई नसेल तर पेरूची कोवळी पानं, ती कुठेही मिळतात. ५-६ पानं ग्लासभर पाण्यात उकळायची आणि पाणी कोमट झालं की गुळण्या. हिरवी कोवळी तोंडली नुसती चावून खाल्ली तरी आमच्याकडे आराम पडतो. आणि रात्री झोपताना साजूक तूप लावायचं, बाकी काही नाही केलं तरी चालेल पण तूप लावाच, फोडावर थर बसतो आणि सकाळी ब्रश करताना एवढं झोंबत नाही. खायला दहीभात, मऊ खिचडी, केळं. टोमॅटो, चिंच, चिप्स आठवडाभर बंद.

कोकणकडा
आमची आजी ज्येष्ठमधाची पूड तुपात कालवून लावायची, मी अजूनही तेच करतो. काष्ठौषधीच्या दुकानात ज्येष्ठमध अख्खा मिळतो, तुकडा नुसता चघळला तरी चालतो. तुरटी लावायला सांगणारे भेटतील, मी एकदा फोडावर सरळ खडाच घासला होता आणि दोन दिवस पाणीसुद्धा गिळवत नव्हतं, तेव्हा ते अजिबात करू नका.

दाढदुखी_डॉक्टर
मी दातांची डॉक्टर आहे, वरचे उपाय वाचून बरं वाटलं कारण बहुतेक निरुपद्रवी आहेत. पण एक लक्षात घ्या, असे छोटे फोड काही न करताही ७ ते १४ दिवसांत भरतात, त्यामुळे पाला चावला की पाल्याला श्रेय मिळतं. आराम पडत असेल तर जरूर चावा, मी नाही म्हणणार नाही. मला काळजी वाटते ती चार वेळा येण्याची. पालाच काय, जेलनेही ते थांबणार नाही, कारण शोधावं लागेल. या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन, लोह, बी १२ आणि फॉलिक अ‍ॅसिड तपासून घ्या, शाकाहारी असेल आणि जेवण निम्मं सुटत असेल तर नक्कीच. जागरण आणि परीक्षेचं टेन्शन यानेही येतात. एखादा दात टोकदार झालाय का तेही बघून घ्या, आणि एक महिना सोडियम लॉरिल सल्फेट (फेस आणणारा घटक) नसलेली टूथपेस्ट वापरून बघा, काहींना त्याने खरंच फरक पडतो.
होस्टेलवर सगळ्यात सोपं म्हणजे कपभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून ३-४ वेळा गुळण्या.
काय करू नये तेही सांगते. लवंगेचं तेल सरळ फोडावर नको, अ‍ॅस्पिरिनची गोळी चुरून लावणारे पेशंट मी बघितलेत, त्याने आतली कातडी भाजते. बीपी असणाऱ्यांनी ज्येष्ठमध रोज रोज खाऊ नये, बीपी वाढतं. आणि घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या तोंडाला टाकणखार किंवा बोरोग्लिसरिन लावू नका, ते पोटात गेलं तर विषारी आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नाही.

पाऊलवाट
धागा दुसऱ्याचा आहे पण विचारते, माफ करा. माझ्या वडलांना जिभेच्या कडेला एकच फोड आहे, दीड महिना झाला. दुखत नाही म्हणतात म्हणून आम्ही पण फार मनावर घेतलं नाही, ज्येष्ठमध आणि तूपच चालू आहे. वय ६१, मिश्री लावतात, आधी बरीच वर्षं तंबाखू होती.

दाढदुखी_डॉक्टर
पाऊलवाट, याच आठवड्यात दाखवा, पुढच्या नाही. ३ आठवड्यांत न भरलेला फोड कुणाचाही असो, दाखवायचाच. इथे तर मिश्री आहे, तंबाखू आहे, आणि दुखत नाही म्हणून निश्चिंत राहू नका, सुरुवातीला बऱ्याचदा दुखत नाही. कदाचित एखादा टोकदार दात जिभेला घासूनही झालं असेल, पण ते तपासल्यावरच कळेल, गरज वाटली तर छोटा तुकडा काढून तपासतात. वाईट असलं तरी लवकर सापडलं तर उपचार खूप सोपे होतात. तोंड पूर्वीइतकं उघडतं का, आत कुठे पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, मानेला गाठ लागते का, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. आणि मिश्री आजपासून बंद.

अंगणातली_जाई
सगळ्यांचे मनापासून आभार. पाला परवा पोचला, तिच्या रूममेटलाही तोंड आलेलं होतं, दोघी मिळून चावतायत. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.४ आलं आणि बी १२ पण कमी निघालं, डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यात, तीन महिन्यांनी परत तपासायचं. मी इतके दिवस उष्णता उष्णता म्हणत तिला गुलकंद पाठवत होते. मेसवाल्या काकूंशी बोलले, त्या तिच्यासाठी फोडणीआधीचं वरण बाजूला काढून ठेवतात आता.
पाऊलवाट, वडलांचं काय झालं?

पाऊलवाट
उद्या ११ ची वेळ घेतलीय. येतच नव्हते, शेवटी कवळीचं माप द्यायचंय असं सांगून नेतेय.